वायर आणि वायफाय एकाच वेळी: संगणक रस्ता कसा निवडतो

लॅपटॉपला लॅनची वायर जोडलेली आहे आणि त्याच वेळी वायफायही चालू आहे, अशा वेळी इंटरनेट नेमके कुठून येते, हा प्रश्न घरून काम करणाऱ्यांपासून कारखान्यात यंत्रे जुळवणाऱ्या अभियंत्यांपर्यंत पुष्कळांना पडतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोनपैकी एक अपेक्षा असते. दोन्ही जोडण्या मिळून वेग वाढावा, ही पहिली. एका जोडणीवर एक काम आणि दुसरीवर दुसरे काम असे दोन्ही बिनबोभाट चालावे, ही दुसरी. पहिली अपेक्षा साध्या मांडणीत पुरी होत नाही. दुसरी होते आणि चांगली होते, परंतु त्यासाठी संगणक आपल्या माहितीचा रस्ता कसा ठरवतो हे आधी समजून घ्यावे लागते. अनेकदा सेटिंगमधली एक चौकट रिकामी ठेवायची की भरायची, एवढ्यावरच सगळे अडलेले असते.

संगणकाच्या लेखी वायरचे पोर्ट आणि वायफायचे कार्ड ही दोन वेगळी उपकरणे आहेत. प्रत्येकाचा स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, असतो आणि राउटर प्रत्येकाला वेगळा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कातला पत्ता, देतो. घरातल्या एकाच राउटरला लॅपटॉप वायरने आणि वायफायने असा दोन्हीकडून जोडला, तर वायरला १९२.१६८.१.१० आणि वायफायला १९२.१६८.१.११ असे काहीतरी पत्ते मिळतात. राउटरच्या यादीत एकच लॅपटॉप दोनदा दिसतो तो यामुळेच; ती यादी पाहून शेजारी आपले वायफाय वापरतो आहे असा संशय घेणारेही भेटतात.

संगणकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, ते कुठे जायचे तो पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता पाहून संगणक आपल्या रूटिंग टेबलात डोकावतो. या टेबलाची प्रत्येक ओळ एवढेच सांगते की अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर अमुक जोडणीतून बाहेर पड आणि गरज असेल तर ते अमुक राउटरच्या हवाली कर. निवडीचे नियम दोनच आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला नियम असा की, पत्त्याशी जास्तीत जास्त नेमकेपणाने जुळणारी ओळ जिंकते. दोन ओळी सारख्याच नेमक्या असल्या, तरच दुसरा नियम लागू होतो, आणि मग जिचा मेट्रिक, म्हणजे त्या रस्त्याची ठरवलेली किंमत, कमी असेल ती ओळ निवडली जाते.

नेमकेपणा म्हणजे काय, हे सबनेट मास्क सांगतो. २५५.२५५.२५५.० या मास्कचा अर्थ असा की, पत्त्यातले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे जुळले तर ते उपकरण आपल्याच नेटवर्कात आहे आणि त्याच्याशी राउटरला मध्ये न घेता थेट बोलता येते. या आतल्या ओळींपैकी एकही जुळली नाही, की सर्वांत सैल ओळ कामाला येते. तिच्यात ०.०.०.० असे लिहिलेले असते, तिला डिफॉल्ट रूट म्हणतात, आणि तिचा अर्थ ‘बाकी सगळे इकडे’ एवढाच असतो. इंटरनेटवरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच ओळीतून जाते. वायर आणि वायफाय या दोघांनीही आपापला गेटवे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता, दिला, तर टेबलात दोन डिफॉल्ट रूट येतात. दोन्ही सारख्याच सैल असल्यामुळे निकाल मेट्रिकवर लागतो.

हा मेट्रिक कुठून येतो, ते प्रत्येक प्रणालीत वेगळे आहे. विंडोज जोडणीचा वेग पाहून आकडा आपोआप ठरवते. एक गिगाबिटच्या (१००० एमबीपीएस) वायरला २५ मिळतात आणि वायफायला साधारणपणे त्याहून मोठा आकडा मिळतो. लिनक्समधला नेटवर्क मॅनेजर वायरला १०० आणि वायफायला ६०० देऊन मोकळा होतो. अ‍ॅपलच्या मॅक संगणकावर आकड्यांऐवजी ‘सेट सर्व्हिस ऑर्डर’ नावाची यादी असते आणि तिच्यात वर असलेली जोडणी आधी वापरली जाते. सगळीकडे परिणाम बहुधा एकच: दोन्ही चालू असताना इंटरनेट वायरने जाते आणि वायफाय नुसते जोडलेले राहते.

येथे एक बारकावा आहे. विंडोज ज्या वेगाकडे पाहते तो लॅपटॉप आणि त्याच्या लगतच्या उपकरणामधल्या जोडणीचा वेग असतो; इंटरनेटच्या प्लॅनचा वेग तिला ठाऊक नसतो. वायर एक गिगाबिटची आणि तिच्यामागचा प्लॅन ५० एमबीपीएसचा असला, आणि वायफायवर मात्र २०० एमबीपीएस देणारा ५जी हॉटस्पॉट असला, तरी संगणक वायरच धरून बसतो.

याच्या उलटही घडते आणि ते अधिक सतावते. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. कनेक्टर बसवताना एखादी तार नीट टोचली गेली नाही, किंवा केबल दारात चेपून आतली तार तुटली, तर बरीच कार्डे गिगाबिट सोडून मुकाट्याने १०० वर उतरतात. पोर्टवरचा दिवा लागलेला असतो, नेट चालू असते, तक्रारीला जागा दिसत नाही. फक्त ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर वायरने स्पीड टेस्ट केली की आकडा ९४ च्या आसपास अडकतो आणि वायर काढून वायफायवर केली की २५० च्या पुढे जातो. ९४ हा आकडा ओळखीचा झालेला बरा, कारण १०० च्या जोडणीतून पॅकेटांवरच्या शीर्षकांची, म्हणजे पत्ते वगैरे मजकुराची, वजावट होऊन प्रत्यक्षात हाती लागतो तो साधारण तेवढाच. तो दिसला की सेवा पुरवणाऱ्याला फोन लावण्याआधी केबल बदलून पाहावी. स्वस्तातले यूएसबी अ‍ॅडॉप्टर आणि जुन्या राउटरची पोर्टेही अनेकदा मुळात १०० चीच असतात, तेही तपासावे.

आता दुप्पट वेगाच्या अपेक्षेकडे वळू. दोन्ही जोडण्या एकाच राउटरला जात असतील तर प्रश्नच मिटतो, कारण राउटरच्या पलीकडे फायबर एकच आहे आणि प्लॅनचा वेग त्याच्यावर ठरलेला आहे. वायर एका कंपनीच्या फायबरची आणि वायफाय फोनच्या हॉटस्पॉटचे, असे असले तर मात्र खरोखरच दोन वाटा असतात, आणि तरीही एका डाउनलोडला त्यांचा फायदा मिळत नाही. मुंबईहून पुण्याला द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग असे दोन रस्ते असल्यामुळे दहा गाड्या वाटून सोडता येतात, पण त्यातली एखादी गाडी दुप्पट वेगाने पुण्याला पोहोचत नाही. इंटरनेटवरची टीसीपी जोडणी, म्हणजे दोन संगणकांनी माहिती क्रमाने पोहोचवण्यासाठी जुळवलेला दुवा, अशीच एका रस्त्याला बांधलेली असते. तिची ओळख चार गोष्टींनी ठरते: आपला आयपी पत्ता, आपला पोर्ट क्रमांक, समोरच्याचा पत्ता आणि समोरच्याचा पोर्ट क्रमांक. फायबरवरचा आपला बाहेरचा पत्ता एक आणि हॉटस्पॉटवरचा दुसरा. समोरच्या सर्व्हरला हे दोन अनोळखी ग्राहक वाटतात, आणि एकाच फाइलचे तुकडे दोघांना वाटून द्यावेत असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून खऱ्या अर्थाने दोन वाटा एकत्र करायच्या, तर पलीकडच्या टोकालाही ते समजणारे कोणीतरी हवे. मल्टिपाथ टीसीपी ही पद्धत याच कामासाठी आखली गेली. तिचा प्रायोगिक मसुदा २०१३ मध्ये आणि सुधारित आवृत्ती २०२० मध्ये आली. अ‍ॅपलने २०१३ मध्येच आयफोनच्या आयओएस ७ या प्रणालीत सिरी या बोलक्या मदतनिसासाठी ती वापरली, तीही वेग वाढवण्यापेक्षा वायफाय डळमळीत झाल्यावर मोबाइल डेटावर बोलणे तुटू नये म्हणून. लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती २०२० च्या ५.६ या आवृत्तीपासून आहे. परंतु आपण रोज वापरतो ती बहुतेक संकेतस्थळे साध्या टीसीपीवर किंवा क्विक या नव्या पद्धतीवर चालतात, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याच्या पदरात यातून थोडेच पडते. दुसरा मार्ग म्हणजे जोडण्या एकत्र करून देणारी व्हीपीएन सेवा. ती आपली पॅकेटे दोन्ही वाटांनी स्वतःच्या सर्व्हरवर नेते, तेथे क्रमाने लावते आणि पुढे पाठवते. हॉटस्पॉटवरची पॅकेटे मागे पडली की फायबरवरच्यांना त्यांच्यासाठी थांबावे लागते, म्हणून मिळणारा वेग दोघांच्या बेरजेपेक्षा कमीच असतो. घरी दोन कंपन्यांचे नेट असेल, तर दोन्ही एकाच ड्युअल वॅन राउटरला, म्हणजे बाहेरच्या दोन जोडण्या घेणाऱ्या राउटरला, जोडून वेगवेगळ्या माणसांच्या जोडण्या वाटून देणे आणि एक बंद पडले की सगळे दुसऱ्यावर नेणे, हाच व्यवहारी उपाय आहे.

येथे एका मोहापासून सावध करणे आवश्यक आहे. विंडोजच्या ‘नेटवर्क कनेक्शन्स’ या खिडकीत वायर आणि वायफाय दोन्ही निवडून उजवी कळ दाबली की ‘ब्रिज कनेक्शन्स’ असा पर्याय दिसतो, आणि नावावरून तो दोघांची मोट बांधणारा वाटतो. प्रत्यक्षात तो लॅपटॉपचा स्विच करून टाकतो: एका बाजूने आलेली फ्रेम, म्हणजे पॅकेटाचे पाकीट, दुसऱ्या बाजूने बाहेर. दोन्ही बाजू एकाच राउटरला जोडलेल्या असतील तर नेटवर्कात वर्तुळ तयार होते, आणि इथरनेटच्या, म्हणजे वायरच्या जोडणीच्या, फ्रेमला किती वेळा फिरायचे याची मर्यादा नसल्यामुळे सर्वांना उद्देशून पाठवलेली एक फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहून सगळ्यांचे नेट गुदमरवू शकते. अशी वर्तुळे तोडण्यासाठी संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही पद्धत तयार केली आणि विंडोजच्या ब्रिजमध्येही ती आहे. मात्र ती वर्तुळ तोडते कशी, तर दोनपैकी एक वाट बंद करून. म्हणजे हा प्रयोग अगदी सुरळीत पार पडला तरी हाती उरते एकच जोडणी.

दोन्ही जोडण्या एकत्र वापरण्याचा खरा उपयोग दिसतो तो चाकण, भोसरी, वाळूज किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये. अभियंत्याला लॅपटॉप वायरने पीएलसीला, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाला, जोडून प्रोग्रॅम उतरवायचा असतो, आणि त्याच वेळी फोनच्या हॉटस्पॉटवरून मॅन्युअल पाहायचे असते किंवा दूरच्या तज्ज्ञाला लॅपटॉपचा पडदा दाखवायचा असतो. वायर लावली की इंटरनेट जाते आणि वायर काढली की येते, ही तेथली नेहमीची रड आहे. पुष्कळ जण मग मॅन्युअल आधी डाउनलोड करून ठेवतात किंवा दर दहा मिनिटांनी वायर काढतात आणि लावतात.

घडते ते असे. पीएलसीचा पत्ता ठरलेला असतो, समजा १९२.१६८.०.१, आणि तेथे पत्ते वाटणारा राउटर नसतो. म्हणून अभियंता वायरच्या सेटिंगमध्ये स्वतः १९२.१६८.०.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क भरतो. खाली ‘डिफॉल्ट गेटवे’ची चौकट असते. सवयीने, किंवा रिकामी बरी दिसत नाही म्हणून, तीतही पीएलसीचाच पत्ता टाकला जातो. त्या क्षणी टेबलात वायरकडून एक डिफॉल्ट रूट येतो, त्याचा मेट्रिक हॉटस्पॉटपेक्षा कमी असतो, आणि लॅपटॉप ब्राउझरची सगळी पॅकेटे इमानेइतबारे पीएलसीकडे पाठवू लागतो. पीएलसी त्यांचे काहीही करू शकत नाही. हॉटस्पॉट जोडलेला दिसतो, सिग्नल भरलेला असतो आणि एकही पान उघडत नाही.

गेटवेची चौकट रिकामी ठेवली की सारे जागेवर येते. मग वायरकडून टेबलात १९२.१६८.०.० या नेटवर्कापुरतीच ओळ जाते आणि ‘बाकी सगळे’ सांगणारी ओळ एकट्या हॉटस्पॉटची उरते. पीएलसीला उद्देशून निघालेले पॅकेट नेमक्या ओळीमुळे वायरने जाते, इतर सगळे हॉटस्पॉटने. डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या, चौकटीही याच कारणाने मोकळ्या ठेवाव्यात, कारण पीएलसी नावांचे पत्ते शोधून देत नाही. यानंतर विंडोज वायरच्या जोडणीपुढे ‘इंटरनेट नाही’ असे लिहिते. ते खरेच आहे आणि तसेच असायला हवे. तो इशारा घालवण्याच्या नादात पुन्हा गेटवे भरू नये.

एवढे करूनही अडले, तर दोन्हीकडचे पत्ते सारखे आहेत का ते पाहावे. खासगी वापरासाठीचे पत्ते १९९६ च्या एका मानकाने राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. जागा अफाट आहे, तरी राउटर बनवणारे आणि यंत्रे बनवणारे बहुतेक सगळे १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ याच दोन घरांत गर्दी करतात. शेडमधले वायफायही १९२.१६८.० चेच असेल तर एकाच नेटवर्काच्या दोन ओळी टेबलात येतात, वायरची ओळ जिंकते, आणि वायफायचा राउटर स्वतःच १९२.१६८.०.१ या पत्त्यावर बसलेला असला तर त्याच्यात आणि पीएलसीत गोंधळ ठरलेला. यंत्राचा पत्ता बदलणे जोखमीचे असते, कारण त्याच्याशी बोलणाऱ्या इतर यंत्रांतही तो लिहिलेला असतो; म्हणून वायफायच्या राउटरचे नेटवर्क १९२.१६८.७७ असे काही आडवळणाचे करून घ्यावे. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते देतो, त्यामुळे त्याच्याशी अशी टक्कर सहसा होत नाही.

मोठ्या कारखान्यात वायरच्या बाजूला एकापेक्षा अधिक नेटवर्क असतात. लॅपटॉप १९२.१६८.० मध्ये आणि हवे ते यंत्र १०.२०.५.७ वर, मध्ये कारखान्याचा १९२.१६८.०.२५४ हा राउटर. गेटवे रिकामा असल्यामुळे लॅपटॉप १० ने सुरू होणारे पत्तेही हॉटस्पॉटकडे पाठवील. तेव्हा ‘रूट अ‍ॅड’ या आदेशाने टेबलात एक ओळ हाताने घालावी लागते: १०.२०.०.० कडे, मास्क २५५.२५५.०.०, जायचे तर १९२.१६८.०.२५४ ला विचार. या आदेशाला ‘पी’ हा पर्याय जोडला नाही तर लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ओळ पुसली जाते. घरून काम करताना ऑफिसचे व्हीपीएन सुरू केल्यावर होते तेही हेच. व्हीपीएन म्हणजे तिसरी जोडणी, आणि ती सगळी वाहतूक ओढते की फक्त ऑफिसच्या पत्त्यांपुरती ओळ घालते, यावर घरचा प्रिंटर दिसणार की नाही हे ठरते.

वायर लावल्यावर वायफाय आपोआप बंद पडत असेल, तर तो बिघाड समजू नये. वायर असताना विंडोज स्वतःहून वायफायला आपोआप नवीन जोडणी करत नाही. हाताने जोडले तर चालते. परंतु कंपनीच्या धोरणात याहून कडक पर्याय असतो आणि तो वायर असेपर्यंत वायफाय जोडूच देत नाही. एचपी आणि डेलच्या ऑफिसांसाठीच्या लॅपटॉपांत तर ही सोय थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीत, असते. कारण उघड आहे. बँकेचे किंवा कारखान्याचे आतले नेटवर्क मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेले असते आणि वायर त्यात व हॉटस्पॉट बाहेर असा लॅपटॉप त्या कुंपणातली फट ठरतो. ब्रिज केलेला नसला तरी लॅपटॉपवर आलेला व्हायरस दोन्हीकडे बोलू शकतो. अशा ठिकाणी वरची युक्ती जमते म्हणून करू नये. आयटी विभागाची परवानगी घ्यावी.

चालू कामाच्या मध्येच जोडणी बदलली तर काय होते, हेही चार गोष्टींनी ठरणाऱ्या ओळखीच्या त्याच नियमाने कळते. वायफायवर डाउनलोड चालू असताना वायर लावली आणि वायफाय जोडलेले राहिले, तर विंडोजवर ते डाउनलोड वायफायवरूनच पुरे होते. नवीन जोडण्या तेवढ्या वायरने जातात, म्हणून वायर लावूनही वेग लगेच बदललेला दिसत नाही. उलट वायर उपटली की तिच्या पत्त्यावरच्या जोडण्या तुटतात आणि व्हिडिओ कॉल काही क्षण गोठून पुन्हा जुळतो. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विकमध्ये जोडणीला पत्त्याशी न बांधलेला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्यामुळे ही तुटातूट टाळण्याची सोय त्यात आहे.

वायर सोडून वायफायला प्राधान्य द्यायचे असेल, तर विंडोजमध्ये दोन्ही जोडण्यांच्या आयपीव्ही४ (वर आलेले चार आकड्यांचे पत्ते) गुणधर्मांतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’वरची खूण काढून वायफायला १० आणि वायरला ५० असे आकडे द्यावेत. मात्र आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीचा, मेट्रिक वेगळ्या खिडकीत असतो आणि तो बदलायचे हमखास राहून जाते. याच आयपीव्ही६ मुळे एक चमत्कारिक प्रकार होतो. गल्लीतल्या केबलवाल्याच्या फायबरवर अनेकदा फक्त आयपीव्ही४ असते, तर जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास चालते. लॅपटॉपला फायबरची वायर आणि फोनचा हॉटस्पॉट दोन्ही जोडलेले असले, तर आयपीव्ही६ चा डिफॉल्ट रूट एकट्या हॉटस्पॉटकडे असतो, त्याला स्पर्धकच नसतो. आणि ज्या संकेतस्थळांना दोन्ही प्रकारचे पत्ते आहेत त्यांच्यासाठी संगणक आयपीव्ही६ आधी वापरतो. यूट्यूब पाहायचे वायरच्या भरवशावर आणि संपतो मोबाइलचा डेटा. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर इथरनेट आणि वायफाय यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. व्हिडिओ चालू असताना वायफायचा आलेख उसळत असेल तर हेच घडते आहे असे समजावे आणि हॉटस्पॉट राखीव म्हणून जोडलेला ठेवायचाच असेल, तर वायफायच्या गुणधर्मांत ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्शन ६’समोरची खूण काढून टाकावी.